कोठीत पाऊस कोठून आला?

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातील आमच्या घरी तोवर ज्वारी साठवायची ती कणगीत. त्या वर्षी वडिलांनी पत्र्याची नवी कोठी आणली आणि अंगणात ठेवली. मार्च महिना संपत आला होता. दोन दिवस उन्हात वाळवलेली ज्वारी भर दुपारी, हाताला चटका बसेल इतकी गरम असतानाच आम्ही कोठीत ओतली व झाकण घट्ट बसवले. गरम धान्यात ओल राहत नाही, असा वडिलांचा हिशेब. आजी ओट्यावरून म्हणाली, "अरे, निवू दे की आधी!" पण नव्या कोठीच्या उत्साहात तिचे कोणी ऐकले नाही.

महिन्याभराने झाकण उघडले, तर कुबट वास आला. वरचा दोन बोटे जाडीचा थर गुळाच्या ढेपेसारखा घट्ट झाला होता व त्यावर हिरवट बुरशी धरली होती. खालची ज्वारी मात्र चांगली होती. पावसाचा अजून एक थेंबही पडला नव्हता. पत्र्याला कोठे भोक नव्हते. मग कोठीत पाणी आले कोठून?

विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर मला पुढे पदार्थविज्ञान शिकताना मिळाले. ते पाणी बाहेरून आलेच नव्हते. ते ज्वारीतच होते!

कोरड्या दाण्यातील पाणी

दाताखाली कडकन फुटणारा दाणाही पूर्ण कोरडा नसतो. चांगल्या वाळलेल्या १०० किलो ज्वारीत सुमारे १२ किलो पाणी असते. यालाच आपण १२ टक्के ओलावा म्हणतो.

येथे एक छोटे गणित करून पाहा. १४ टक्के ओलावा असलेली १०० किलो ज्वारी १२ टक्क्यांवर आणायची आहे. किती पाणी उडून जायला हवे? "२ किलो" असे उत्तर चटकन तोंडी येईल, पण ते चूक आहे. या ज्वारीत पाणी सोडून उरलेला भाग ८६ किलो आहे. वाळल्यावर तो एकूण वजनाच्या ८८ टक्के व्हायला हवा. म्हणजे वाळलेली ज्वारी ९७.७ किलो भरेल आणि उडालेले पाणी सुमारे २.३ किलो असेल.

कोठीत नुसते दाणेच नसतात. तिच्या आकारमानाचा सुमारे ४० टक्के भाग दाण्यांमधील फटींचा, म्हणजे हवेचा असतो. दाणे आणि ही हवा यांच्यात बाष्पाची देवघेव चालू असते. हवा कोरडी असली तर दाणे तिला बाष्प देतात, दमट असली तर तिच्याकडून घेतात. शेवटी दोघांचा समतोल होतो. ज्वारीत १२ टक्के ओलावा असेल, तर फटींतील हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. १४ टक्के असेल, तर ती ७० टक्क्यांपर्यंत जाते. बुरशीला वाढायला साधारण एवढीच आर्द्रता लागते. ओलाव्यातील दोन टक्क्यांचा फरक क्षुल्लक नाही, तो असा.

थंड झाकणाची करामत

आता तापमानाचा विचार करू. ३५ अंश सेल्सियस तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ४० ग्रॅम बाष्प धरू शकते. २५ अंशांना तीच हवा फक्त २३ ग्रॅम बाष्प धरते. समजा, ३५ अंशांच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्के आहे. तिच्यात २४ ग्रॅम बाष्प असेल. ही हवा २५ अंशांपर्यंत निवली, तर एक ग्रॅम बाष्पाला जागाच उरत नाही. त्याचे पाणी होते. या क्रियेला संघनन म्हणतात. पहाटे गवतावर दव पडते ते असेच.

आमच्या कोठीत हेच घडले. धान्य लाकडाप्रमाणेच उष्णतेचे मंद वाहक आहे. त्यामुळे मधली ज्वारी कित्येक दिवस गरम राहिली. पत्रा मात्र रात्री उघड्या आकाशाखाली भराभर निवत असे. मधली गरम हवा हलकी होऊन वर चढे, थंड झाकणाला लागे आणि तेथे आपले पाणी सोडी. मग ती निवून जड होई व कडेने खाली उतरे. खाली पुन्हा गरम होऊन दाण्यांतले बाष्प घेई आणि वर जाई. असे हवेचे चक्र रात्रभर फिरत होते. एका फेरीत पाणी थोडेच येते, पण फेऱ्या असंख्य! झाकणाचे थेंब वरच्या थरावर ठिबकत राहिले. कोठीत खरोखरच पाऊस पडत होता.

ओलीतून उष्णता, उष्णतेतून ओल

गोष्ट येथे संपत नाही. दाणा सजीव असतो आणि श्वसन करतो. वाळलेल्या दाण्याचे श्वसन अगदी मंद चालते. ओला झाला की त्याचे आणि त्यावरील बुरशीचे श्वसन वेगाने वाढते. श्वसनात एक ग्रॅम ग्लुकोज जळले, तर ०.६ ग्रॅम पाणी व सुमारे ३.७ किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. म्हणजे ओल आणखी ओल निर्माण करते!

तो थर धुऊन, वाळवून दळावा असे घरात कोणी तरी सुचवले. आजीने तो थेट उकिरड्यावर टाकायला लावला. तिचे बरोबर होते. काही बुरश्या अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते धुऊन किंवा भाकरी भाजून नाहीसे होत नाही. जनावरांना असे धान्य घातले, तर त्याचा अंश दुधातही उतरतो. १९७४ साली राजस्थान व गुजरातमधील आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाण्यात आल्याने यकृताच्या विकाराची साथ पसरली आणि १०० हून अधिक माणसे दगावली.

कणगी, पेव आणि पुसा कोठी

शेणमातीने लिंपलेल्या कणगीची भिंत पत्र्यासारखी झटकन तापत वा निवत नाही, आणि थोडे बाष्प बाहेरही जाऊ देते. पण पावसाळ्यात तिच्यातून ओल आतही येते. जमिनीखालील पेवात तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, म्हणून हवेचे चक्र मंद राहते. शिवाय श्वसनामुळे तेथील ऑक्सिजन संपत जातो व कीड मरते. मात्र याच कारणाने पेव जीवघेणेही ठरते. नुकत्याच उघडलेल्या पेवात गुदमरून माणसे मेली आहेत. त्यात तुम्ही कधीही उतरू नका.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेल्या पुसा कोठीत दोन भिंतींच्या मध्ये प्लॅस्टिकचा कागद असतो. भिंती उष्णता अडवतात आणि कागद ओल अडवतो.

शेकडो टन धान्याच्या उंच कोठ्यांत तळाशी जाळी ठेवून पंख्याने हवा खेळवतात. येथे एक समजूत दुरुस्त केली पाहिजे. हवा खेळवली की धान्य वाळतेच, असे नाही. या पंख्याचे मुख्य काम सगळे धान्य सारखे थंड करणे हे असते. म्हणून बाहेरची हवा धान्यापेक्षा थंड आणि कोरडी असेल तेव्हाच तो चालवतात. श्रावणातल्या दमट हवेत तो चालवला, तर दाणे उलट ओल पितील. घरची कोठीही पावसाळी हवेत उगाच उघडी ठेवू नये, ती याचसाठी.

घरी काय करावे?

धान्य चांगले वाळवावे. मग सावलीत पसरून निवू द्यावे व दव पडण्याआधी भरावे. कोठी उन्हात न ठेवता घरात, फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. दर पंधरा दिवसांनी कोरड्या हवेच्या दिवशी झाकण उघडून वास घ्यावा आणि झाकणाच्या आतल्या बाजूवरून हात फिरवून पाहावा.

आता दोन प्रयोग करा. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य व तव्यावर भाजून गार केलेले दोन चमचे मीठ घाला. झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पाव तास थांबा. मीठ काचेला चिकटले, तर ओलावा १५ टक्क्यांहून अधिक आहे. चिकटले नाही, तरी तेवढ्यावरून तो १२ टक्के आहे असे मात्र समजू नका.

दुसऱ्या प्रयोगासाठी काचेच्या बरणीत उन्हात तापलेली ज्वारी अर्ध्यापर्यंत भरा. वर स्टीलची ताटली घट्ट बसवा आणि ताटलीत बर्फाचे खडे ठेवा. अर्ध्या तासाने ताटलीच्या खालच्या बाजूला काय दिसते ते पाहा. तीच ज्वारी पूर्ण निवल्यावर, बर्फ न ठेवता पुन्हा पाहा. दोन्हींत काय फरक दिसला, तो वहीत लिहून ठेवा आणि घरी कोठी भरणाऱ्या माणसाला दाखवा.