चरबीचा सांगावा

1949 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. अमेरिकेच्या मेन राज्यात, समुद्रकाठच्या बार हार्बर गावी, जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथे संशोधनासाठी उंदीर वाढवतात. त्या उन्हाळ्यात तिथल्या पिंजऱ्यांत एक उंदीर असा निघाला, की त्याचं अंग काही केल्या भरायचं थांबेना. खायचं, आणि पुन्हा खायचं. असे उंदीर भावंडांच्या तिप्पट वजनाचे होत. आईबाप सडपातळ, त्यांचं खाणंपिणं अगदी नेहमीचं, पण पोटी आलेल्या पिल्लांत साधारण चारांतलं एक असं. म्हणजे हा दोष सवयीचा नव्हता, लाडाचाही नव्हता. एक जनुक बिघडलं होतं, तेवढंच. या उंदरांना ‘ओबी’ असं नाव पडलं.

माझ्या मते, माणसाच्या वजनाबद्दल गेल्या शतकात जे काही शहाणपण आपल्या हाती लागलं, त्याची सुरुवात या एका भुकेल्या उंदरापासून झाली.

पुढे 1960 च्या दशकात त्याच प्रयोगशाळेत उंदरांचा आणखी एक लठ्ठ वाण सापडला. त्यांना तीव्र मधुमेहही व्हायचा, म्हणून तो ‘डीबी’. दिसायला दोघे सारखेच. डग्लस कोलमन नावाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाला प्रश्न पडला: दोघांचा बिघाडही एकच असेल का? त्याने केलेला प्रयोग वाचताना आजही अंगावर काटा येतो. दोन उंदरांची कातडी कुशीला कुशी लावून शिवायची. काही दिवसांत दोघांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या एकमेकींना मिळतात आणि एकाचं रक्त थोडंथोडं दुसऱ्यात वाहू लागतं.

कोलमनने आधी डीबीला एका निरोगी उंदराशी जोडलं. डीबी मजेत खात राहिला. निरोगी उंदराने मात्र खाणं सोडलं, आणि समोर अन्न असताना तो उपाशी मेला. मग ओबीला निरोगी उंदराशी जोडलं, तर ओबीचं खाणं कमी झालं. शेवटी ओबी आणि डीबी, हे दोघे लठ्ठ एकमेकांशी जोडले. डीबी लठ्ठच राहिला, ओबी खायचा थांबला आणि मेला.

यातून कोलमनने काढलेला निष्कर्ष किती सुंदर आहे पाहा. रक्तातून एक सांगावा फिरतो: ‘आता पुरे, कोठार भरलंय.’ ओबीच्या शरीरात हा सांगावा तयारच होत नाही, पण कुणी दिला तर त्याला तो समजतो. डीबीच्या शरीरात तो भरपूर तयार होतो, पण त्याला तो ऐकू येत नाही. डीबीच्या रक्तात मोठमोठ्याने घुमणारी ती हाक शेजाऱ्याच्या अंगात गेली आणि त्याची भूकच मेली. त्या काळी बहुतेकांची समजूत अशी, की लठ्ठपणा हा वागण्याचा दोष. कोलमनचं म्हणणं पटवून घ्यायला फारसं कुणी तयार नव्हतं, आणि तो सांगावा नेमका कोणता पदार्थ आहे, हे त्यालाही सापडलं नाही.

ते सापडलं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात. जेफ्री फ्रीडमन आणि त्याचे सहकारी सुमारे आठ वर्षं ओबीचं ते एक जनुक शोधत होते. मे 1994 मधल्या एका रविवारी पहाटे फ्रीडमनने अंधारखोलीत फिल्म धुतली आणि जनुक हाती लागल्याचं त्याला दिसलं. डिसेंबरमध्ये ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. त्या जनुकापासून बनणाऱ्या हॉर्मोनला नाव दिलं लेप्टिन. ग्रीक भाषेत ‘लेप्टोस’ म्हणजे सडपातळ.

आता खरं आश्चर्य. हे हॉर्मोन बनतं कुठे? मेंदूत नाही, गळ्यातल्या एखाद्या ग्रंथीतही नाही. ते बनतं मुख्यतः चरबीत. जिला आपण अंगावरचं ओझं समजत होतो, तीच चरबी रात्रंदिवस मेंदूला आपल्या साठ्याचा हिशेब कळवत असते. चरबी जास्त तर लेप्टिन जास्त, चरबी कमी तर लेप्टिन कमी. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे, तिथे हा हिशेब पोचतो. तिथल्या काही पेशी ‘खा’ म्हणणाऱ्या, काही ‘बस’ म्हणणाऱ्या. लेप्टिन पहिल्यांना गप्प करतं आणि दुसऱ्यांना बोलतं करतं. जेवलेलं ‘अंगी लागतं’ असं आपण म्हणतो. जे अंगी लागतं ते तिथून परत बोलतंही, हे कळायला 1994 साल उजाडावं लागलं.

उंदरांचं झालं, पण माणसांचं काय? 1997 मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या स्टीफन ओ’राहिली, सदफ फारूकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मुलांची माहिती प्रसिद्ध केली. पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातली ही चुलत-मावस नात्यातली भावंडं. मुलगी आठ वर्षांची, वजन 86 किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन 29 किलो. जन्मल्या वेळी दोघंही चारचौघांसारखी होती. दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. ओबी उंदरासारखंच या मुलांच्या मेंदूला वाटत होतं, की शरीरात चरबीचा कणही नाही आणि दुष्काळ पडलाय.

मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली, तेव्हा तिचं वजन 94 किलोंवर होतं. वर्षभरात ते 16 किलोंनी उतरलं, आणि उतरलेलं जवळजवळ सगळं वजन चरबीचं होतं. कुणी तिला दटावलं नाही, ताटावर पहारा बसवला नाही. न येणारा निरोप पोचला आणि भूक आपोआप निवली. ‘खाण्यावर ताबा ठेव’ असं लेकराला सांगणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने ही हकिगत एकदा वाचायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

साहजिकच, लठ्ठपणावर औषध मिळालं म्हणून जगभर आशा पल्लवित झाल्या. त्या फार काळ टिकल्या नाहीत. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसतं, उलट भरपूर असतं. वरून आणखी दिलं तरी फारसा फरक पडत नाही. रेल्वेच्या रुळांलगत राहणाऱ्या माणसाला रात्रीच्या गाड्यांचा आवाज जसा ऐकू येईनासा होतो, तसं काहीसं मेंदूचं होतं. याला लेप्टिनला दाद न देणं म्हणतात. ते नेमकं कसं घडतं, याचा उलगडा अजून चालू आहे.

पण लेप्टिन कमी झालं की मात्र मेंदू खडबडून जागा होतो. लेप्टिनची मुख्य कामगिरी बहुधा हीच. आपल्या पूर्वजांना धोका होता उपासमारीचा, जाडीचा नव्हे. लेप्टिन घसरलं की भूक वाढते, थायरॉइडचं काम मंदावतं, स्नायू तेवढंच काम कमी इंधनात उरकू लागतात. अंगावरची चरबी फार उतरलेल्या धावपटू मुलींची मासिक पाळी थांबते, त्यामागेही हेच कारण आहे. कोठार रिकामं असताना मूल वाढवणं परवडणार नाही, असा शरीराचा हिशेब असतो. लेप्टिन न बनणारी मुलं उपचाराशिवाय वयातही येत नाहीत. चरबीचा सांगावा आला नाही, तर तारुण्याचं दारही उघडत नाही!

मेलबर्नच्या संशोधकांनी 2011 मध्ये याचा आणखी एक पैलू दाखवला. दहा आठवडे अगदी कमी आहार घेऊन लोकांनी सरासरी साडेतेरा किलो वजन उतरवलं. लेप्टिन घसरलं. जठरातून येणारं आणि पोटात कावळे कोकलायला लावणारं घ्रेलिन वाढलं. हे अपेक्षितच होतं. पण वर्षभराने पुन्हा तपासलं, तेव्हाही हॉर्मोन पूर्ववत झाले नव्हते आणि भूक आधीपेक्षा जास्तच होती. वजन उतरवलेला माणूस रोज, प्रत्येक जेवणाला, स्वतःच्या रक्ताशी झुंजत असतो. त्याचं वजन पुन्हा वाढलं की आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. हे अन्यायाचं आहे.

थायरॉइडबद्दल दोन शब्द. वाढलेल्या वजनाचं खापर आपल्याकडे पहिल्यांदा थायरॉइडवर फुटतं. थायरॉइड मंद झाला की वजन वाढतं हे खरं, पण सहसा काही किलोच, आणि त्यातलं बरंचसं मीठ-पाणी असतं. तपासणी जरूर करावी. तिथेच थांबू नये.

वजन उतरवण्यासाठी अलीकडे गाजणाऱ्या इंजेक्शनांचं मूळही हॉर्मोनांतच आहे. जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-1 नावाचं हॉर्मोन स्रवतं. ते इन्सुलिनला हात देतं आणि मेंदूला तृप्ती कळवतं. पण रक्तात ते दोनेक मिनिटांतच निम्मं होतं. न्यूयॉर्कमधल्या जॉन एंग या डॉक्टरांना त्याच्यासारखंच, पण जास्त टिकाऊ द्रव्य 1992 च्या सुमारास कुठे सापडलं, तर गिला मॉन्स्टर या वाळवंटी विषारी सरड्याच्या लाळेत. त्यावरून पहिलं औषध निघालं. पुढे मानवी हॉर्मोनमध्येच फेरफार करून बनवलेलं सेमाग्लुटाइड आलं, ते रक्तात निम्मं व्हायला आठवडा लागतो. एका मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत वजन सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास उतरलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. चरबीचा पहारा सुटलेला नव्हता.

आणि आपल्याकडे तर वजनाचा काटाही फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा बीएमआय दोघांचाही 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. याज्ञिकांच्या संशोधनात पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं सरासरी 2.7 किलोंची भरली आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोंची. आपली बाळं सगळीकडून बारीक, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. जन्मताच रक्तात इन्सुलिनही जास्त. सडपातळ दिसणाऱ्या घरांत चाळिशीच्या आत मधुमेह का शिरतो, याचं बरंचसं उत्तर या पाळण्यात आहे. म्हणून काट्यावरचा आकडा बरा आला तरी कंबरेचा घेर मोजा, साखर तपासा.

आणि एखादं लेकरू जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांपासूनच कितीही भरवलं तरी भुकेने रडत असेल, वर्षा-दोन वर्षांतच त्याचं वजन हाताबाहेर जात असेल, तर त्याला खादाड म्हणू नका. मुलांच्या हॉर्मोनतज्ज्ञांकडे न्या. असा आजार फार क्वचित आढळतो, पण लेप्टिन रक्तात मोजता येतं.