किण्वन, लाळ आणि कायदा : जगातील काही अपरिचित मद्यांचा परिचय

प्रस्तावना :
मद्य म्हटले की मराठी सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे एकतर विलायती बाटली येते किंवा हातभट्टी. या दोहोंच्या मधला विस्तीर्ण प्रदेश आपल्याकडे अभ्यासाबाहेरच राहिला आहे. परिसरात जे पिकते किंवा जे दुभते त्यापासून अनेक समाजांनी पेये सिद्ध केली. त्यांपैकी काहींचे नुसते वर्णन ऐकूनही नाक मुरडले जाते. परंतु त्यांमागील प्रक्रियेची जाण आदरास पात्र आहे. प्रस्तुत लेखात अशा निवडक पेयांचा परिचय करून दिला आहे.

पिष्टाचा पेच :
यीस्ट साखरेचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करते. द्राक्षे, काजूची बोंडे, मोहाची फुले यांत साखर आयती असते. मका, तांदूळ व कसावा यांत मात्र मुख्यतः पिष्ट असते आणि ते मद्यनिर्मितीतील नेहमीच्या यीस्टला पचत नाही. पिष्टाची साखर करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, कोठून तरी मिळवावेच लागते.

अँडीज पर्वतराजीतील स्त्रियांनी ते स्वतःच्या मुखातून मिळवले. मक्याचे पीठ तोंडात घोळवून त्याचे गोळे करावयाचे. लाळेतील अमायलेज पिष्टाचे विघटन करते. हे पीठ पुढे पाण्यात उकळले जात असल्याने अस्वच्छतेचा आक्षेप बराचसा गळून पडतो. हेच ‘चिचा’. इंका राज्यात ‘अक्या’ या निवडक स्त्रिया राजसमारंभांसाठी ती तयार करीत. त्याआधीच्या वारी लोकांची सुमारे हजार वर्षांपूर्वीची मोठी मद्यशाळा दक्षिण पेरूतील सेर्रो बाउल येथील उत्खननात सापडली. तेथे शालीला लावण्याच्या टाचण्याही मिळाल्या. त्यावरून मद्य करणाऱ्या स्त्रियाच असाव्यात, असे अनुमान संशोधकांनी काढले. आज पेरूमध्ये बहुधा मोड आलेल्या मक्याची ‘चिचा दे होरा’ मिळते. कुस्को परिसरात दारावरच्या काठीला लाल फडके किंवा लाल प्लास्टिक बांधलेले दिसले की आत ताजी चिचा आहे, असे समजावे. चव आंबूस, मद्यार्क अल्प. जिज्ञासू प्रवाशाने आरंभ येथूनच करणे इष्ट.

जपानने हेच काम बुरशीकडे सोपवले. वाफवलेल्या तांदळावर ‘कोजी’ वाढवली जाते. एकाच भांड्यात कोजी साखर करीत असते आणि यीस्ट त्या साखरेचा मद्यार्क. त्यामुळे ऊर्ध्वपातनाविना साके २० टक्क्यांच्या जवळ जाऊ शकते. जोकिची ताकामिने यांनी १८९४ मध्ये या बुरशीच्या विकरावर अमेरिकेत एकस्व मिळवले, म्हणजे लोकविद्येतून उद्योग उभा राहिला. २०२४ मध्ये युनेस्कोने ही पारंपरिक कला अमूर्त वारशात नोंदवली. त्यासाठी जपानलाच जावे असे नाही. दिमा हासाओतील दिमासा समाजाच्या ‘जुदिमा’ या भाताच्या मद्याला २०२१ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे.

मंगोलियाचा पेच निराळा. तेथे धान्य दुर्मीळ, घोड्या मात्र विपुल. घोडीच्या दुधात लॅक्टोज भरपूर असते, पण ते नेहमीच्या यीस्टला वापरता येत नाही. चामड्याच्या पिशवीत मुरलेल्या विरजणात लॅक्टोज आंबवणारी यीस्ट व जीवाणू एकत्र नांदतात, आणि पिशवीतील दूध हजारो वेळा घुसळले की ‘आइराग’ तयार होते. १२५३ मध्ये मंगोल प्रदेशात गेलेल्या विल्यम ऑफ रुब्रुक या धर्मोपदेशकाने त्याचे जिभेला झोंबणे नोंदवून ठेवले आहे.

आपल्या दाराशी :
मोहाच्या फुलात साखर इतकी असते की वरीलपैकी कोणताच खटाटोप लागत नाही. तरीही या पेयाच्या वाट्याला सन्मान आला नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती सरकारी महसुलाशी जखडली. १८९२ च्या मोहविषयक कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुलांच्या साठवणीवर व व्यवहारावरच बंधने आणली. जंगलातले अन्न जवळ बाळगणे संशयास्पद ठरले! स्वातंत्र्योत्तर काळात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने निराळ्या हेतूने तीच चौकट पुढे नेली.

विषारी दारूच्या दुर्घटनांचा ठपकाही सरसकट गावठी मद्यावर ठेवला जातो. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे दगावली ती मिथेनॉलमुळे. फुलाच्या किण्वनाने तेवढे मिथेनॉल तयार होत नाही. अर्थात परवान्याविना गाळलेले, कोणी गाळले हे ठाऊक नसलेले मद्य चाखण्याचे साहस कोणीही करू नये.

गोव्याने दुसरी वाट धरली. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेल्या काजूच्या बोंडांपासून होणाऱ्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला व २०१६ मध्ये राज्य शासनाने तिला वारसा-पेय ठरवले. पहिल्या धारेचा सौम्य ‘हुर्राक’ उन्हाळ्याच्या काही आठवड्यांतच मिळतो. त्याच सुमारास ठाणे-पालघरच्या पाड्यांवर आणि गडचिरोलीच्या रानात पहाटे मोहाची फुले वेचली जात असतात.