‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देऊ नका

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया आणि हुमणी यांविषयी लिहितो. या वेळी विषय उसाचा नाही, ऊस लावणाऱ्या माणसाचा आहे. ज्यांनी ऐन उमेदीत कारखान्याचे शेअर घेतले, त्यांपैकी पुष्कळजण आता सत्तरी-ऐंशीत आहेत. नोंद, पाहणी, तोडणी या निमित्ताने शेती विभागाची आम्ही माणसे वर्षातून चार-पाच वेळा त्यांच्या बांधावर जातो. घरची माणसे रोज बघतात म्हणून त्यांच्या ध्यानात न येणारा बदल तीन महिन्यांनी जाणाऱ्या आम्हाला चटकन जाणवतो. अशाच एका बदलाविषयी आज लिहावयाचे आहे. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेंशिया म्हणतात. आपण काय म्हणतो? ‘साठी बुद्धी नाठी’, ‘म्हातारचळ लागलाय’, ‘म्हातारा कामातनं गेला’. आणि विषय तिथेच संपवतो. तो तिथे संपू नये, एवढ्यासाठी हा लेख.

हे वय नव्हे, आजार आहे

चष्मा कुठे ठेवला ते विसरणे, पाहुण्याचे नाव पटकन न आठवणे, हे वयाने होतेच. त्याला कोणी भिऊ नये. पण चाळीस वर्षे ज्या पाणंदीने गेलो ती चुकणे, तोच प्रश्न तासाभरात पाच वेळा विचारणे, पैशाचा साधा हिशेब न जुळणे, घरच्याच माणसावर चोरीचा आळ घेणे, दिवस आहे की रात्र याचे भान न राहणे, ही नुसत्या वयाची लक्षणे नव्हेत.

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरी एक बाई इस्पितळात दाखल झाली. तिला विसर पडे, नवऱ्याचा संशय येई, स्वतःचे नावदेखील धड लिहिता येईना. तिचे वय होते अवघे ५१. म्हणजे साठीसुद्धा आली नव्हती. अलॉइस अल्झायमर या डॉक्टरांनी तिच्या वागण्याची बारीक टिपणे ठेवली आणि १९०६ साली ती वारल्यावर तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मेंदू आकसला होता, पेशींमध्ये धाग्यांचे गुंते झाले होते आणि पेशींच्या बाहेर पुटे साचली होती. १९१० साली या आजाराला त्यांचेच नाव मिळाले. स्मृतिभ्रंशाच्या दर १०० रोग्यांत ६० ते ७० जणांना हा अल्झायमर असतो. बाकीच्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होऊन झालेला स्मृतिभ्रंश पुष्कळ. त्याच्या मुळाशी बहुधा बरीच वर्षे अंगावर काढलेले ब्लड प्रेशर आणि शुगर असते.

हा आजार कोणाचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त होती आणि दरवर्षी सुमारे १ कोटीची भर पडते. त्यांतील ६० टक्क्यांहून अधिक माणसे गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. म्हणूनच २०१७ साली संघटनेने सर्व देशांसाठी खास कृती आराखडा मंजूर केला.

आपल्याकडे समज असा, की हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार. रानात राबणाऱ्याला तो होत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने हा समज खोटा ठरवला. भारतात साठीच्या पुढच्या दर १०० माणसांमागे सातांहून अधिक, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज त्यात निघाला. प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि ज्यांच्या वाट्याला शाळा आली नाही त्यांच्यात अधिकच. तुमच्या गावात साठीच्या पुढची दोनशे माणसे धरली, तर या हिशेबाने चौदा-पंधरा घरांत हे दुखणे आहे. पुढे ते वाढणारच. देशात साठीच्या वरची माणसे २०२२ साली १४ कोटी ९० लाख होती, ती २०५० पर्यंत ३४ कोटी ७० लाखांच्या घरात जातील असा अंदाज आहे.

पान पिवळे पडले तर आपण काय करतो?

उसाचे पान पिवळे पडले तर ‘प्लॉटचे वय झाले’ असे म्हणून कोणी घरी बसत नाही. चुनखडीच्या रानात लोह कमी पडून केवडा आला आहे का, मुळाशी हुमणी लागली आहे का, सरीत पाणी तुंबले आहे का, हे आपण खणून बघतो. कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा. माणसाच्या विसरण्याचेही तसेच आहे. थायरॉईड मंदावला, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले, मन खचले, झोपेच्या गोळ्यांचा मारा झाला, डोक्याला मार लागून कवटीत रक्त साचले, तरी माणूस अगदी असाच विसराळू होतो. या कारणांवर इलाज आहेत आणि वेळेत केले तर पुष्कळदा गुण येतो. ते रक्ताच्या साध्या तपासण्यांनी आणि गरज पडल्यास मेंदूच्या फोटोने कळते. एक-दोन दिवसांतच माणूस एकाएकी बरळू लागला, तर ते बहुधा लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातले मीठ कमी होणे अशा कारणाने असते. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

अल्झायमर निघाला तर मात्र तो मुळापासून बरा करणारे औषध आजही नाही. काही औषधांनी लक्षणे काही काळ आटोक्यात राहतात. स्मरणशक्तीच्या पावडरी आणि गंडे-दोरे यांवर पैसा घालू नये. मग निदान कशाला करावयाचे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे आहे.

आमच्या पाहण्यातील एक घर

एका गटातील जुने सभासद. सगळे त्यांना अण्णा म्हणत. नऊ प्लॉटच्या लागणीच्या तारखा तोंडपाठ. एका हंगामात ते आठवड्यात तीनदा त्याच प्लॉटची नोंद करायला गट ऑफिसात आले. पोरे हसली. पुढे त्यांनी लागोपाठ तीन दिवस एकाच वाफ्यात पाणी सोडले आणि शेजारच्या पट्टीचा ऊस वाळला. मुलगा चिडचिड करी. सून दिवसभर त्यांच्या मागे. दोन वर्षे घरात नुसते भांडण. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी जिल्ह्याला पाठवले आणि अल्झायमर असल्याचे कळले. अण्णा बरे झाले नाहीत. पण त्या दिवसापासून मुलगा त्यांच्यावर ओरडायचा थांबला. ‘आधी वाटायचं मुद्दाम करतात, आता कळलं ते करत नाहीत, त्यांना होतं,’ असे तो आम्हाला म्हणाला. मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप लागले, विहिरीला कठडा बांधला गेला, आणि अण्णा रोज सकाळी नातवाबरोबर उसातून चक्कर मारू लागले. निदानाने काय होते, ते असे होते.

जपानी लोकांनी हे देशाच्या पातळीवर केले. तिकडे या आजाराचे जुने नाव ‘खुळेपणा’ अशा अर्थाचे होते. २००४ साली सरकारने ते बदलून आकलनाचा विकार अशा अर्थाचे नाव दिले. २००५ पासून दुकानदार, बँकेचे कारकून, शाळेतली मुले यांना थोडक्या वेळात शिकवले जाते, की असा माणूस भेटला तर हसू नका, घाई करू नका, घरी पोचवा. असे शिकलेले लोक आता एक कोटीच्या वर गेले आहेत. आपल्याकडे चिटबॉय, सोसायटीचे सचिव, एसटीचे कंडक्टर एवढ्यांनी शिकून घेतले तरी पुष्कळ झाले.

सही करता येते तोवर

हा भाग कर्त्या मुलांनी दोनदा वाचावा. करार करताना आणि मृत्युपत्र करताना माणसाची बुद्धी शाबूत असावी लागते, असे कायदा सांगतो. पुष्कळांना वाटते, वडिलांचे मुखत्यारपत्र घेऊन ठेवले की झाले. तसे नाही. देणाऱ्याची बुद्धी स्थिर राहिली नाही, की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ते मुखत्यारपत्रही संपते. तेव्हा शेअरवरील वारसाचे नामनिर्देशन, बँकेचे खाते, मृत्युपत्र, पीककर्ज ही कामे आजार सुरुवातीला असतानाच, त्या माणसाला समजावून, त्याच्या मर्जीने उरकावीत. भान गेलेल्या माणसाचा ‘नि. डा. अं.’ रात्रीतून घेऊन जमीन फिरवणारे भाऊबंदही आहेत, हे आम्ही न सांगता तुम्हाला माहीत आहे. बक्षीसपत्र करावयाचे तर ‘सांभाळ करीन’ ही अट दस्तातच लिहून घ्यावी. सांभाळ झाला नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांकडील न्यायाधिकरणात दाद मागता येते.

भार कोणावर?

२०१९ साली स्मृतिभ्रंशापायी जगाचा १ लाख ३० हजार कोटी डॉलर खर्च झाला असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातला निम्मा दवाखान्याचा नव्हे; तो घरच्या माणसांनी बिनपगारी केलेल्या राबणुकीचा आहे. सरासरी रोजचे पाच तास. आणि या राबणुकीचे ७० टक्के तास बायकांचे. आपल्याकडे ती बाई म्हणजे बायको, नाही तर सून. तिला आठवड्यातून दोन दिवस तरी मोकळीक मिळाली पाहिजे. लेकीने चार दिवस यावे, धाकट्या भावाने पाळी घ्यावी. पाण्याची पाळी वाटून घेतो, तशी ही पाळीही वाटून घ्यावी.

घरात एवढे करावे. आजारी माणसाशी वाद घालू नये. जेवण, अंघोळ, फेरफटका यांची वेळ ठरलेली ठेवावी. कीटकनाशक आणि तणनाशकाच्या बाटल्या कुलपात असाव्यात. खिशात नाव, गाव, फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. गळीत हंगामात रस्त्याने रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालतात, म्हणून रात्री दाराला आतून कडी नीट लागली आहे का ते बघावे.

टाळता येईल तेवढे टाळा

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२४ साली १४ कारणे सांगितली. ती सगळी दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असे त्यांचे म्हणणे. त्यांतली बहुतेक आपल्या हातातली आहेत. चाळिशीनंतर ब्लड प्रेशर आणि शुगर तपासून औषध नेमाने घ्या. विडी-सिगारेट सोडा, दारू आवरा. कमी ऐकू येत असेल तर कानाचे यंत्र लावायला लाजू नका. मोतीबिंदू वेळेत काढा. मोटारसायकलवर हेल्मेट घाला. वस्तीवर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गावात, देवळात, पारावर माणसांत आणा. प्रदूषित हवा हेही त्या चौदांतले एक कारण आहे. पाचट जाळू नका असे आम्ही जमिनीसाठी सांगत आलो, आता तुमच्या डोक्यासाठीही सांगतो. आणि मुलींची शाळा मध्येच सोडवू नका. लहानपणीचे शिक्षण म्हातारपणी मेंदूला आधार देते.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, तिथे आधी दाखवा. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ आणि मनाच्या आजारांविषयी सल्ल्यासाठी १४४१६ हे सरकारी फोन फुकट आहेत.

येत्या लागणीच्या नोंदीला याल तेव्हा शेअरवरील वारसाचे नाव बरोबर आहे का, ते पाहून घ्या. आणि घरातले वडीलधारे माणूस तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारू लागले, तर तिसऱ्यांदाही शांतपणे उत्तर द्या आणि त्याच आठवड्यात दवाखान्याची वाट धरा.