ज्या शेअरला भावच नाही

गेल्या वेळी आपण साबण आणि टूथपेस्टवाल्यांबद्दल बोललो, म्हणजे नवं गिऱ्हाईक कसं ओढून आणायचं याबद्दल. आज प्रश्न उलटा आहे. जे गिऱ्हाईक काही झालं तरी सोडून जाणार नाही, त्याला काय विकायचं? आणि कुठे थांबायचं?

सुरुवात एका शेअरपासून करू. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची डिमॅट खाती असतील, तेव्हा जरा लक्ष देऊन ऐका. या शेअरवर लाभांश मिळत नाही, कधीच मिळणार नाही. तो बाजारात विकता येत नाही. त्याची किंमत वाढत नाही. फार तर घरातल्या माणसाला भेट देता येतो किंवा आपल्यामागे मुलाबाळांकडे जातो. आणि हे सगळं विकणाऱ्यानेच माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं असतं: नफा मिळेल म्हणून कृपया घेऊ नका. घेणार का कोणी? (हशा) 2011 च्या डिसेंबरात हा शेअर 250 डॉलरला विक्रीला आला. तेव्हाच्या हिशोबाने सुमारे 13 हजार रुपये. त्या खेपेला 2 लाख 68 हजारांच्या आसपास शेअर खपले आणि साधारण 6 कोटी 70 लाख डॉलर जमा झाले.

विकणारा होता ग्रीन बे पॅकर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ. पायाने खेळतात तो फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, खांद्याला पॅड लावून एकमेकांवर आदळतात तो. ग्रीन बे हे अमेरिकेच्या उत्तरेला विस्कॉन्सिन राज्यातलं गाव. दुधाचा, चीजचा मुलूख. वस्ती लाखभर. आपल्याकडे एवढ्या गावाला तालुक्याचं ठिकाण म्हणतील. आणि त्याच स्पर्धेत न्यूयॉर्क आहे, शिकागो आहे, लॉस एंजलिस आहे. 1919 मध्ये तिथे कर्ली लॅम्बो नावाच्या तरुणाने संघ काढला. गणवेशासाठी पैसे दिले त्याच्या मालकाने, इंडियन पॅकिंग कंपनीने. यातल्या ‘इंडियन’चा आपल्याशी संबंध नाही बरं का, ती मांस डबाबंद करणारी कंपनी होती. त्यावरून नाव पडलं पॅकर्स.

पैशाची ओढाताण पहिल्यापासून. 1923 मध्ये गावकऱ्यांना 5-5 डॉलरचे शेअर विकले आणि 5 हजार डॉलर उभे केले. पुढे एक प्रेक्षक स्टँडवरून पडला, त्याने दावा लावला, विमा कंपनी बुडालेली, संघ न्यायालयाच्या ताब्यात. 1935 मध्ये पुन्हा वर्गणी. 1950 मध्ये पुन्हा, त्या वेळी 25 डॉलरला एक शेअर आणि जमले 1 लाख 18 हजार. म्हणजे पहिल्या तीन विक्र्या अक्षरशः संघ जगवण्यासाठी होत्या. गणपतीच्या वर्गणीसारखं म्हणा, फक्त पावतीऐवजी शेअर.

आता एक बारीक मुद्दा, पण सगळं त्यातच आहे. या संस्थेच्या घटनेत सुरुवातीपासून लिहिलेलं होतं, की संघ विकला किंवा बंद केला तर येणारा पैसा भागधारकांना मिळणार नाही. तो जाणार गावातल्या माजी सैनिकांच्या संघटनेकडे, सैनिकांचं स्मारक बांधायला. 1997 मध्ये बदल करून आता तो संघाच्या धर्मादाय प्रतिष्ठानकडे जातो. याचा अर्थ काय? संघ विकून किंवा दुसऱ्या शहरात हलवून कोणाचंच खिसाभर भलं होत नाही. म्हणून तो हलत नाही.

हलवणं म्हणजे काय ते आपल्याला चटकन कळत नाही. आपल्याकडे मुंबईचा रणजी संघ उद्या उठून इंदूरला जाणार नाही. अमेरिकेत संघ मालकाचा असतो, आणि मालकाच्या मनात आलं, दुसऱ्या शहराने चांगलं स्टेडियम देऊ केलं, की संघ निघाला. बाल्टिमोर शहराचा कोल्ट्स हा संघ 1984 च्या मार्चमध्ये एका रात्रीत ट्रकांमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला गेला. रात्रीत! सकाळी लोक उठले तर संघ नाही. संघाचं एक बँडपथक होतं. त्यांचे गणवेश तेवढे वाचले, कारण ते धुवायला लाँड्रीत दिले होते. आणि ते पथक पुढे बारा वर्षं वाजवत राहिलं, संघ नसलेल्या संघाचं बँडपथक म्हणून. शेवटी 1996 मध्ये क्लीव्हलँडचा संघ उचलून बाल्टिमोरला आणला गेला. म्हणजे यांचं दुःख मिटलं ते दुसऱ्या गावाला रडवून.

तर ग्रीन बेचा माणूस 250 डॉलर देऊन जे विकत घेतो ते हे आहे: माझा संघ सकाळी उठल्यावर जागेवर असेल. आपल्याकडे जवळचं उदाहरण द्यायचं तर सहकारी साखर कारखान्याचा सभासद घ्या. शेअरच्या रकमेवर तो श्रीमंत होत नाही. पण ‘आमचा कारखाना’ म्हणतो, वार्षिक सभेला जातो, दिवाळीला सवलतीची साखर आणतो. पॅकर्सचीही उन्हाळ्यात वार्षिक सभा होते, स्टेडियममध्येच, हजारो लोक येतात, ताळेबंद वाचला जातो. साखर मिळत नाही, पण ‘मालक’ असं छापलेले कपडे विकत घेता येतात. हो, विकत! (हशा)

इथे थोडं अर्थशास्त्र. अल्बर्ट हर्शमन यांचं 1970 चं एक छोटं पुस्तक आहे, ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’. हर्शमन नायजेरियात काम करत होते. तिथली रेल्वे वाईट चालत होती आणि ट्रकची स्पर्धा येऊनही ती सुधारली नाही. पुस्तकी नियमाने स्पर्धा आली की सुधारायला हवं. त्यांच्या लक्षात आलं, की ज्या गिऱ्हाइकांनी आरडाओरडा करून रेल्वेला सुधारायला लावलं असतं, तेच आधी ट्रककडे निघून गेले. तेव्हा नाराज माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणं किंवा बोलणं. आणि निष्ठा माणसाला जाऊ देत नाही, थांबून बोलायला लावते.

क्रीडासंघाचा चाहता हे याचं टोकाचं रूप. साबण आवडला नाही तर दुसरा घ्याल. लहानपणी वडिलांनी खांद्यावर बसवून दाखवलेला संघ बदलता येतो का? मार्केटिंगवाल्याच्या दृष्टीने ही लॉटरी आहे. गिऱ्हाईक जाणार नाही, म्हणजे भाव वाढवा. पण जो जाणार नाही तो बोलेल. आणि त्याला बोलायला जागाच ठेवली नाही, तर कुठून तरी फुटेलच.

हे फुटणं कसं असतं ते बघा. इंग्लंडमधला लिव्हरपूल क्लब, हा आपल्या ओळखीचा फुटबॉल. 2016 मध्ये त्यांनी स्टेडियमचा मोठा स्टँड नव्याने बांधायला घेतला होता आणि पुढच्या हंगामाचे दर जाहीर केले. सगळ्यात महाग तिकीट 59 पौंडांवरून 77 वर. तेव्हाचे साडेसात हजार रुपये. क्लबचं म्हणणं होतं, की काही तिकिटं स्वस्तही केलीत, 9 पौंडांची सुद्धा ठेवलीत. कागदावर ते बरोबरही होतं. 6 फेब्रुवारीला संडरलँडशी सामना होता. लिव्हरपूल 2-0 ने पुढे. 77 वं मिनिट लागलं आणि साधारण 10 हजार लोक उठून चालू लागले. घोषणा नाही, तोडफोड नाही. जिंकत असलेला सामना सोडून. आणि गंमत बघा, त्यानंतर संडरलँडने दोन गोल केले आणि सामना 2-2 सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली, 59 चा दर कायम ठेवला. हर्शमनच्या भाषेत ही जाण्याची वाट नव्हतीच. पुढच्या सामन्याला तीच माणसं परत आली. ते बोलले, फक्त पायांनी बोलले.

आता परत ग्रीन बेला जाऊ, कारण मला तुमच्यापुढे फक्त कौतुक ठेवायचं नाही. 1950 नंतरच्या विक्र्या जगण्यासाठी नव्हत्या. 1997 च्या जानेवारीत संघाने सुपर बोल म्हणजे अंतिम सामना जिंकला आणि त्याच वर्षाच्या शेवटी 200 डॉलरला शेअर काढले. सुमारे 1 लाख 20 हजार खपले, 2 कोटी 40 लाख डॉलर आले. 2011 च्या फेब्रुवारीत पुन्हा जिंकले, डिसेंबरात पुन्हा विक्री, स्टेडियममध्ये नव्या खुर्च्या घालण्यासाठी. विजयाचं वर्ष आणि नाताळचा मोसम. फ्रेम करून भिंतीवर लावायची भेट. हे चोख मार्केटिंग आहे, त्याला भाबडेपणाने ‘लोकसहभाग’ म्हणू नये.

शिवाय 1997 मध्ये जुन्या भागधारकांच्या एका शेअरचे हजार करून दिले होते. जुने लोक होते दोन हजारांच्या आत. म्हणजे नंतर आलेल्या लाखो मालकांची सगळी मतं एकत्र केली तरी जुन्यांपुढे तोकडी. साखर कारखान्यात निदान एका माणसाला एक मत असतं. इथे मत आहे, वजन नाही. कारभार छोटी कार्यकारी समिती बघते. आणि 2000 मध्ये स्टेडियमच्या मोठ्या नूतनीकरणासाठी त्या काउंटीच्या मतदारांनी अर्धा टक्का विक्रीकर आपल्यावर लावून घेतला, तो 2015 पर्यंत भरला. चाहता नसलेल्यानेही भरला. आणखी एक, गाव एवढंसं असून संघ टिकला याचं सगळं श्रेय प्रेमाला देऊ नका. 1960 च्या दशकापासून स्पर्धेच्या राष्ट्रीय टीव्ही हक्कांचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटले जातात. हे नसतं तर गावकऱ्यांची वर्गणी कुठवर पुरली असती?

मग लोक फसतात का? मी बराच विचार केला यावर. माझं मत असं, की नाही. कारण लपवलेलं काही नाही. ‘तुम्हाला काही मिळणार नाही’ असं लिहून देणारी फसवणूक मी तरी पाहिली नाही. आणि शेअरच्या आजूबाजूला बाकीचं जे आहे ते रोजचं आहे. उन्हाळी सरावाच्या दिवसांत गावातली पोरं आपल्या सायकली घेऊन दाराशी उभी राहतात. खेळाडू त्या पोरांच्या सायकलवर बसून मैदानापर्यंत जातो, पोरगं त्याचं हेल्मेट घेऊन बाजूने पळतं. सव्वाशे किलोचा गडी आणि एवढीशी सायकल! साठ वर्षांहून जुनी पद्धत आहे. बर्फ पडला की संघ हाक देतो, माणसं पहाटे फावडी घेऊन खुर्च्यांवरचा बर्फ काढायला येतात. तासाप्रमाणे पैसे मिळतात, पण नुसत्या पैशासाठी त्या थंडीत कोण येईल? सीझन तिकिटांची प्रतीक्षायादी एक लाखाच्या वर आहे, गावाच्या लोकसंख्येएवढी. बाळ जन्मलं की नाव घालतात. नंबर लागेल तेव्हा बाळ आजोबा झालेलं असतं.

आपल्याकडे काय? मुंबई इंडियन्सचं बघा. 2008 चा संघ. ही मंडळी दरवर्षी वानखेडेवरच्या एका सामन्याला हजारो शाळकरी मुलांना संघाचे टी-शर्ट घालून आणतात. मुलांचा दिवस छान जातो यात शंका नाही, आणि पुढच्या पिढीची निष्ठाही पेरली जाते. उत्तम. पण 2023 च्या डिसेंबरात पाच विजेतेपदं मिळवून देणाऱ्या रोहित शर्माला कर्णधारपदावरून हटवून हार्दिक पंड्याला आणलं. क्रिकेटच्या दृष्टीने निर्णय बरोबर की चूक, तो वाद तुम्ही घरी घाला. (हशा) चाहत्यांना कळलं ते मात्र प्रसिद्धिपत्रकातून. पुढे 2024 च्या हंगामात वानखेडेवर, स्वतःच्या घरच्या मैदानावर, स्वतःच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली गेली. मला ते आवडलं नाही. त्या खेळाडूचा त्यात काय दोष? पण विचारतो, त्या चाहत्याकडे दुसरं काय होतं? शेअर नाही, सभा नाही, कोणाला पत्र लिहायचं तेही माहीत नाही. ‘तुमचा संघ, तुमचं कुटुंब’ असं सोळा वर्षं ऐकलेला माणूस घरातल्यासारखा ओरडला.

प्रश्न आहे का? हां, मागून. ‘सर, तुम्ही घेतला असता का तो शेअर?’

खरं सांगू? हे व्याख्यान तयार करताना एक-दोनदा मनात आलं. पण 2021 च्या नोव्हेंबरात 300 डॉलरला जी शेवटची विक्री निघाली, ती अमेरिका आणि कॅनडातल्या लोकांपुरतीच होती. तेव्हा माझे पैसे वाचले. तिथे कोणाचा भाचा-पुतण्या असेल तर त्याला मात्र विचारून बघा, भिंतीवर फ्रेम आहे का म्हणून.