मूल सारखं पडतंय? एकदा कानही तपासा

तीन वर्षांचं मूल खेळता खेळता थबकतं. चेहरा पांढरा पडतो, आईला घट्ट धरून ठेवतं आणि दोन-चार मिनिटांत पुन्हा पळायला लागतं. घरात कुणी दृष्ट काढतं, कुणी जंताचं औषध देतं. 'घर फिरतंय' हे मुलाला सांगता येत नाही, त्यामुळे कानाची शंका शेवटी येते.

तोल सांभाळण्याचं मोठं काम अंतर्कर्णात चालतं. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव डोकं वळलं की हलतो आणि मेंदूला खबर जाते. ऐकण्याचा शंखही याच्या शेजारीच. म्हणून जन्मतः कमी ऐकणाऱ्या काही मुलांची मान उशिरा धरते, चालणंही लांबतं. १८ महिने झाले तरी मूल चालत नसेल, तर 'बाप पण उशिरा चालला' म्हणून सोडून देऊ नये.

वर सांगितलेले झटके बहुधा लहानपणीच्या चकरीचे असतात. त्यांचं नातं अर्धशिशीशी आहे आणि बहुतेक मुलांत ते वयाबरोबर थांबतात. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे सर्दीनंतर पडद्यामागे साचलेलं पाणी. ते बऱ्याचदा तीन महिन्यांत आपोआप ओसरतं; नाही ओसरलं तर डॉक्टर पडद्यात बारीक नळी बसवतात. कानात गरम तेल ओतून हे पाणी जात नाही, कारण तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं. पडद्याला भोक असेल तर उलट नुकसानच.

अंतर्कर्ण कमजोर असेल तर नजर आणि मान यांचे व्यायाम खेळातून करून घेतात. चकरीच्या गोळ्या मनाने देऊ नयेत.

विट्यात सुरुवात ग्रामीण रुग्णालयापासून करता येते. मोठ्या तपासण्यांसाठी मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांनाही सांगावं. गलाईच्या धंद्यासाठी परराज्यात राहणाऱ्या कुटुंबांचे डॉक्टर बदलत राहतात. अशांनी जुने कागद, विशेषतः जेंटामायसिनसारख्या इंजेक्शनांची नोंद, जपून ठेवावी. या औषधाने अंतर्कर्णाला इजा होऊ शकते.

झटका आला की मोबाईलवर व्हिडिओ काढावा, डोळे स्पष्ट दिसतील असा. डोळ्यांची थरथर डॉक्टरांना बरंच सांगून जाते.

मात्र सकाळी उठताच डोकेदुखी आणि उलटी, दिवसागणिक वाढत जाणारा झोकांड्या खाण्याचा त्रास, तापासोबत ताठ मान किंवा शुद्ध हरपणं यातलं काही दिसलं, तर व्हिडिओत वेळ न घालवता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिथे कारण कानात नसून मेंदूत असू शकतं.