चुंबकानं पाणी लवकर तापतं का?

"पातेल्याला हे चुंबक लावा, पाणी लवकर उकळेल, गॅस वाचेल," असं सांगत कुणी दारात आलं, तर काय करायचं? गटाचा पैसा घामाचा आहे. म्हणून ठरावावर सह्या करण्याआधी यात खरं किती ते समजून घेऊ.

आधी आपली चूल बघू. पातेल्यात पाणी ठेवलं की तळाचं पाणी तापतं, हलकं होऊन वर येतं आणि वरचं गार पाणी खाली जातं. पाणी स्वतःच फिरतं, म्हणून सगळं तापतं. नागलीची आंबील मात्र दाट. ती आपोआप फिरत नाही, म्हणून तळाला लागते. तिथे पळी फिरवावी लागते.

आता चुंबक ही पळी होऊ शकतं का? होऊ शकतं, पण द्रवात लोखंडाची बारीक कणी असेल तरच. 1963 साली अमेरिकेच्या नासा संस्थेत स्टीफन पॅपेल यांनी असा द्रव तयार केला. त्यातला एकेक कण इतका बारीक, की एका मिलिमीटरमध्ये साधारण एक लाख कण ओळीनं बसतील. हा द्रव चुंबकाकडे ओढला जातो. तापला की त्याची ओढ कमी होते. मग गार द्रव चुंबकाजवळ येतो आणि तापलेल्याला बाजूला ढकलतो. असं फिरणं सुरू होतं आणि उष्णता वाहून जाते. काही मोठ्या स्पीकरमध्ये आतली तार तापू नये म्हणून असाच द्रव भरतात.

आपल्या हंड्यातल्या पाण्यात अशी कणी नसते. साध्या पाण्याला चुंबक ओढत नाही, सिलिंडरमधल्या गॅसलाही नाही. मग बाहेरून चुंबक चिकटवून गॅस वाचणार कसा?

"मग इंडक्शन शेगडी चुंबकावरच चालते ना?" असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. पण तिथे विजेमुळे सतत बदलणारं चुंबकत्व भांड्याचा तळ तापवतं आणि तळ पाण्याला तापवतो. म्हणून ज्या भांड्याला चुंबक चिकटतं तेच तिच्यावर चालतं. साधं ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही. इंडक्शनसाठी भांडं घ्यायला जाताना छोटं चुंबक जरूर सोबत न्या.

आणि विकणारा आलाच, तर बैठकीतच परीक्षा घ्या. तेच पातेलं, मोजून एक लिटर पाणी, गॅसची आच तेवढीच. एकदा चुंबक लावून, एकदा न लावता. दुसऱ्या वेळी पातेलं गार करून, ताजं गार पाणी घ्या. उकळी यायला किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. दोन-तीनदा करा. फरक दिसला नाही, तर पैसे गटाच्या पेटीतच राहू द्या.

गॅस खरोखर वाचवायचा असेल तर पातेल्यावर झाकण ठेवा आणि डाळ, वरई आधी भिजत घाला. त्याला पैसा लागत नाही.