लोण्याचे रंग, चक्क्याचे रंग

लोण्याच्या आयसिंगमध्ये बिटाचा रस फेटला की आधी सुरेख गुलाबी छटा येते आणि थोड्याच वेळात भांड्याच्या कडेने पाणी सुटू लागतं. चिमूटभर हळद मात्र त्याच लोण्यात सहज मिसळते आणि मिसळलेलीच राहते. दोन्ही रंग वनस्पतींचे, दोन्ही रोजच्या स्वयंपाकातले. मग लोणी एकाला मानवतं आणि दुसऱ्याला का नाही? कपकेकवर नैसर्गिक रंगांचं आयसिंग करायचं असेल तर सगळी विद्या या प्रश्नात आहे, आणि तिचा पहिला धडा आपण कधीच गिरवलेला आहे. केशर आपण कोमट दुधात खलतो. हळद फोडणीत घालतो. मिसळीची तर्री लालभडक दिसते, कारण मिरचीचा रंग रश्श्यातलं पाणी सोडून तेलाला धरतो.

हळदीतलं कर्क्युमिन, गाजर आणि लाल भोपळ्यातलं कॅरोटिन, मिरचीतलं कॅप्सँथिन हे स्निग्ध पदार्थांत विरघळणारे रंग आहेत. केशरातलं क्रोसिन, बिटातलं बेटानिन, कोकम, जास्वंद आणि गोकर्णातली अँथोसायनिन्स ही पाण्याची मंडळी. विकतच्या बटरमध्ये किमान 80 टक्के स्निग्धांश असतो आणि पाणी जास्तीत जास्त 16 टक्के, तेही बारीक थेंबांच्या रूपात अडकलेलं. तिथे बिटाचा रस ओतला तर त्याला राहायला जागाच नाही. बिटाच्या चकत्या वाळवून केलेली बारीक पूड मात्र लोण्यात चालते, कारण ती विरघळत नाही, नुसती पसरते.

कात्रजमध्ये राहणाऱ्यांना या प्रयोगाचा कच्चा माल घराजवळच मिळतो. पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची डेअरी इथलीच, आणि गावाचंच नाव लावून तिचं दूध-दही पुण्यात घरोघर पोचतं. लोण्याला पर्याय म्हणून मी दह्याचाच आग्रह धरेन. दही रात्रभर टांगून केलेला घट्ट चक्का हे पाण्याच्या रंगांसाठी उत्तम आयसिंग आहे. त्यात पाणी भरपूर असतं आणि तो आंबट असतो. सामू साधारण साडेचारच्या आसपास. बेटानिन याच आंबटपणात सर्वांत टिकतं. कोकमाचा लाल रंगही आम्लातच खुलतो. म्हणजे ज्या रसाने लोणी नासलं, तोच रस चक्क्यात बिनतक्रार गुलाबी राहतो. एक अडचण आहे: पिठीसाखर मिसळली की चक्का सैल होतो. म्हणून तो चांगला दाबून घ्यावा, थोडी दूध पावडर घालावी आणि नोझलने उंच कळस काढण्याचा हट्ट सोडावा. पसरट, मऊ थर छान बसतो.

लोणी गाईचं की म्हशीचं, यानेही फरक पडतो. गाईच्या लोण्यात चाऱ्यातलं कॅरोटिन उतरतं, म्हणून ते पिवळसर. म्हैस त्याच कॅरोटिनचं जवळजवळ सगळं जीवनसत्त्व अ करून टाकते, म्हणून तिचं लोणी पांढरंशुभ्र. फिकट रंग हवे असतील तर म्हशीचं लोणी घ्यावं. पिवळ्या लोण्यावर निळी छटा आणू गेलात तर हिरवट काहीतरी हाती लागेल.

निळा रंग हा या सगळ्यातला सर्वांत अवघड आणि मला सर्वांत प्रिय. खाण्याजोगा निळा निसर्गात फार थोड्या ठिकाणी सापडतो, आणि त्यातलं एक ठिकाण म्हणजे आपल्या कुंपणावर चढणारी गोकर्णाची वेल. तिच्या फुलांतली टर्नाटिन्स ही अँथोसायनिनच्याच घराण्यातली, पण त्यांच्या रेणूला जोडलेल्या लांब शाखा रंगाच्या गाभ्यावर घडी घालून बसतात आणि त्याला सांभाळतात. त्यामुळे इतर अँथोसायनिन्स फिकी पडतात तिथे हा निळा तग धरतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2021 मध्ये गोकर्णाच्या अर्काला खाद्यरंग म्हणून मान्यता दिली. कोमट दुधात पाकळ्या भिजवल्या तर दूध निळं होतं, कारण दुधाचा सामू 6.6 ते 6.8, उदासीनच्या जवळ. तेच दूध चक्क्यात मिसळलं तर रंग जांभळ्याकडे झुकतो आणि लिंबू पिळलं की आणखी गुलाबीसर होतो. निळाच हवा असेल तर फेटलेल्या गोड्या साईला पर्याय नाही.

आता खालचा केक. परदेशात शरदात दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग घालून भोपळ्याचे केक करतात. आपल्याकडे लाल भोपळा, गूळ आणि वेलदोडा-जायफळाचे घारगे आहेत, कोजागरीच्या दुधात हाच सुगंध आहे. तेव्हा या केकसाठी मसाला आयात करायची गरज नाही. जायफळ आणि दालचिनी कोकणात पिकतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जायफळाची ‘कोकण सुगंधा’ आणि दालचिनीची ‘कोकण तेज’ ही वाणं दिली आहेत. दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड, लवंगेतलं युजेनॉल ही सुगंधी द्रव्यं पाण्यापेक्षा स्निग्धात कितीतरी चांगली उतरतात. म्हणून मसाल्याची पूड मैद्यात न टाकता कोमट, पातळ केलेल्या लोण्यात दहा मिनिटं ठेवावी आणि ते लोणी केकच्या मिश्रणात घालावं. फोडणीमागचं शास्त्र हेच. भोपळ्याचं कॅरोटिन उष्णतेला बऱ्यापैकी दाद देत नाही, त्यामुळे 175 अंशांच्या ओव्हनमधूनही केक केशरीच बाहेर येतो. बिटाचं तसं नाही. मिश्रणात घातलेलं बीट भाजताना तपकिरी पडतं, म्हणून त्याची जागा वरच्या, न तापवलेल्या थरात.

केकच्या मिश्रणात हळद घालायचा मोह मात्र टाळावा. खाण्याचा सोडा आम्लारी आहे, आणि सामू आठच्या पुढे गेला की कर्क्युमिन लालसर होतं. ढोकळ्यावर कधीकधी उमटणारे लाल ठिपके याच कारणाने येतात, आणि चुना लावून हळदीचं पारंपरिक कुंकू होतं तेही याच अभिक्रियेने. केकमध्ये दही पुरेसं असेल तर सोडा त्यातल्या आम्लाशी वापरला जाऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि केक फुलतो. सोडा उरला तर हळद त्याची चुगली करते. हळदीचं आयसिंग उन्हातही ठेवू नये. शर्टावरचा हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि उन्हात वाळत घातला की उडून जातो, तसंच आयसिंगचंही होतं. शिवाय ऑक्टोबरच्या पुणेरी उकाड्यात लोणी मऊ पडतं ते वेगळंच.

हे रंग बाटलीतल्या कृत्रिम रंगांइतके भडक होणार नाहीत. भारतात आठ कृत्रिम रंगांना ठरावीक पदार्थांत, ठरावीक मर्यादेत परवानगी आहे, त्यामुळे प्रत्येक रंगीत केक विषारी ठरवणं चूक आहे. पण 2007 मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांना काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांचं मिश्रण घेणाऱ्या मुलांमध्ये चंचलपणा वाढलेला दिसला, आणि 2010 पासून युरोपीय संघात त्यातले सहा रंग असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर तसा इशारा छापावा लागतो. ‘नैसर्गिक’ म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही नाही. भेसळयुक्त हळदीत शिसंयुक्त लेड क्रोमेट सापडलेलं आहे. म्हणून हळकुंडं आणून घरी दळा किंवा खात्रीच्या ठिकाणची पूड घ्या.

वाढदिवसाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला आधीच सांगावं की गुलाबी फिकट असेल, निळा धुरकट असेल आणि चक्क्याचा केक फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवावा लागेल. गोकर्ण आणि जास्वंद घरच्या, औषध न मारलेल्या झाडाचीच वापरा. पूजेसाठी बाजारात मिळणारी फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात.